तहानेवरची गोरखचिंच

गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या एका सोसायटीत वीणा लघाटे कुठे राहतात असं विचारलं तर गेटवरचा गार्ड डोकं खाजवतो. 'इमलीवाली आंटी' म्हटलं की तो लगेच दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीकडे बोट करतो. बाल्कनीत उन्हाळाभर सुपात काहीतरी पांढरं वाळत असतं. तिथल्या धुळीत पांढरं काही वाळवायचं म्हणजे त्यावर मलमलचं फडकं लागतं. वीणाताई ते न चुकता घालतात.

ही इमली म्हणजे गोरखचिंच. वीणाताई धारच्या, पवारांच्या संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरातल्या. धारहून मांडू जवळ, आणि मांडूत ही झाडं जागोजागी उभी आहेत. मूळ आफ्रिकेतलं झाड. बुंधा असा, की दहा पोरांनी हात धरून फेर धरला तरी टोकं जुळत नाहीत. वर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या, आणि वर्षातले कित्येक महिने अंगावर पान नाही. नवखा माणूस झाड मेलंय असंच धरून चालतो. हिवाळ्यात दुधीएवढी फळं लागतात, वरून करडी, मखमली लव असलेली. रस्त्याच्या कडेला भिल्ल बायका ती मांडून बसतात. दगडानं फोडलं की आत खडूसारखे ठिसूळ, आंबट गोळे, लालसर दोऱ्यांत गुंतलेले, प्रत्येकाच्या पोटात एक बी.

धारला ही फळं घराघरात असत. पोट बिघडलं की पूड ताकात. ऊन लागलं की गूळ-जिरं घालून सरबत. फुटलेल्या फळाच्या करवंटीत मीठ. मांडूच्या आसपास कुणी सालीच्या वाखाचे दोर वळत, कुणी कोवळ्या पानांची भाजी करत. एका कोकणातल्या बाईंनी वीणाताईंना सांगितलं होतं की त्यांच्याकडचे कोळी सुकं फळ जाळ्याला बांधतात, जाळं तरंगावं म्हणून. पण वीणाताईंच्या मनात पक्का बसलेला उपयोग वेगळाच होता. लहानपणी मांडूचा चढ चढताना वडील प्रत्येक मुलाच्या तोंडात एक गोळा ठेवत. चावायचा नाही, नुसता धरायचा. जिभेला पाणी सुटतं आणि तहान मागे पडते. पाणी नसलं तरी चालतं.

लग्नानंतर त्या दिल्लीत आल्या. नवरा गेला, त्यानंतर त्या गाडी चालवायला शिकल्या आणि एकट्या राहू लागल्या. धाकटा भाऊ विश्वनाथ दर हिवाळ्यात धारहून पोतं पाठवायचा. त्या फळं फोडायच्या, बिया काढायच्या, पूड करायच्या आणि वाटायच्या. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला सरबत त्यांचंच. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या मुलाला लू लागली, की फोन त्यांनाच. कुणी उगाच विचारलं, "याचे काही साइड इफेक्ट?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "झाडावरचं आहे, कारखान्यातलं नाही."

त्यांच्या वरच्या मजल्यावर सूर्यकांत आणि शालिनी चौबळ राहतात. सूर्यकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. उभी हयात सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये काढून निवृत्तीनंतर इकडे आले. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांचा आठवडा मंगळवार, गुरुवार, शनिवार असा मोजला जातो. त्या दिवशी डायलिसिस. रविवार-सोमवार सलग मोकळे, म्हणून सगळ्यांत अवघड. शरीरातलं पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येक घोटावर पहारा. शालिनीबाई सकाळी एक स्टीलची बाटली भरून ठेवतात. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा त्यातलाच, औषधाचा घोटही त्यातलाच. केळं, नारळपाणी, टोमॅटो, डाळीचं पाणी, सगळं बंद. कारण रक्तात साठलं की हृदय बंद पाडणारं पोटॅशियम. त्या घरात हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो.

"माझी बायको म्हणजे जल बोर्ड आहे," सूर्यकांतराव म्हणायचे. "सप्लाय कधी येणार, किती येणार, विचारायचं नाही."

"तक्रार असेल तर खाली जा, वीणाकडे. तिच्याकडे सगळ्या लोकांचं ऐकून घेतात," शालिनीबाई म्हणायच्या.

ते खाली येतही. संध्याकाळी दोघी बाल्कनीत मटार सोलत बसत आणि सूर्यकांतराव समोरच्या खुर्चीत बसून मटारांची नासाडी करत. मार्चमध्ये एकदा शालिनीबाई बाजारात गेल्या होत्या. सूर्यकांतरावांची जीभ टाळ्याला चिकटत होती. त्यांनी बर्फाचा एक खडा मागितला. पाणीच ते, वीणाताईंनी दिला नाही. पण तो म्हातारा माणूस ओठांवरून कोरडी जीभ फिरवत समोर बसलेला त्यांना बघवेना. त्या आत गेल्या आणि गोरखचिंचेचा एक गोळा घेऊन आल्या.

"हा तोंडात धरा. चावू नका. पाण्याचा थेंब नाही यात."

थोड्या वेळानं सूर्यकांतराव म्हणाले, "वीणाबाई, हे सरकारनं रेशनवर द्यायला हवं."

तिथून सुरुवात झाली. आधी दिवसाआड एखादा गोळा. मग रोज. मग शर्टाच्या खिशात पुडी. शालिनीबाईंना सांगायचं नाही असं ठरलं, कारण त्यांनी नवीन कुठल्याही वस्तूला आधी नाहीच म्हटलं असतं. वीणाताईंना यात काही वावगं वाटलं नाही. धोका पाण्याचा, आणि ही तर कोरडी. उलट फायदाच दिसत होता. दोन डायलिसिसच्या मधे सूर्यकांतरावांचं वजन पूर्वीइतकं वाढेनासं झालं. सेंटरवरचा टेक्निशियन काट्याकडे बघून म्हणाला, "अंकल, पानी तो आपने बढ़िया कंट्रोल किया है." शालिनीबाईंनी ते कौतुकानं खाली येऊन सांगितलं. वीणाताई मान खाली घालून मटार सोलत राहिल्या. आतून मात्र त्या सुखावल्या होत्या.

मे महिन्यात ऊन भाजून काढू लागलं. शनिवारी डायलिसिस झाल्यावर सूर्यकांतराव खाली आले आणि म्हणाले, "दोन दिवस ढकलायचेत. जरा सढळ हातानं द्या." वीणाताईंनी चकलीचा एक छोटा डबा गोळ्यांनी काठोकाठ भरून दिला.

सोमवारी सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. अश्लेषा गुरुग्रामला नोकरी करते आणि चालता चालता बोलते. धाप आणि ट्रॅफिक दोन्ही फोनमध्ये ऐकू येतात.

"मावशी, तुझी गोरखचिंच जिममध्ये पोचली!"

"म्हणजे काय?"

"अगं, ऑफिसखाली हेल्थवालं दुकान उघडलंय ना, तिथे बाओबाब पावडर म्हणून डबा. चित्र बघितलं तर, यार, बिल्कुल तुझी इमली. इम्पोर्टेड म्हणे! मी त्या सेल्समनला म्हटलं, भैया, माझी मावशी ही बाल्कनीत वाळवते."

"मग काय म्हणाला?"

"तो सुरूच झाला. मॅम, सुपरफूड है. केळ्यापेक्षा कितीतरी जास्त पोटॅशियम, वर्कआउटनंतर घ्या, क्रॅम्प येणार नाहीत. तू इतकी वर्षं फुकट वाटतेयस, वेडी आहेस तू... मावशी? ऐकतेयस ना?"

"काय जास्त म्हणालीस?"

"पोटॅशियम. का गं?"

वीणाताईंनी फोन ठेवला. गॅस बंद केला. वीज गेली होती, लिफ्ट बंद होती. त्या जिन्यानं वर गेल्या. सेल्समन काहीही सांगतात, असं त्या चढताना स्वतःला सांगत होत्या. वर पोचेपर्यंत त्यांचा स्वतःच्याच या सांगण्यावरचा विश्वास उडाला होता.

शालिनीबाईंनी दार उघडलं. "बरी आलीस. हे बघ ना, सकाळपासून गळून गेलेत. कपसुद्धा धरवत नाही."

सूर्यकांतराव इन्व्हर्टरच्या पंख्याखाली खुर्चीत बसले होते. "या, वीणाबाई. पाय संपावर गेलेत. मागण्या अजून कळल्या नाहीत."

"सेंटरला फोन केलास?" वीणाताईंनी विचारलं.

"केला की. वजन किती वाढलंय विचारलं. म्हटलं, अगदी थोडं. मग म्हणाले, पाणी साठलेलं नाही, गर्मीनं झालं असेल. उद्या टायमावर घेऊन या. थांब, मी जरा खिमट बघून येते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. वीणाताई खुर्चीशी वाकल्या. "साहेब, डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"चेष्टा नको. डबा."

सूर्यकांतरावांनी डोळ्यांनीच सोफ्याच्या उशीकडे खूण केली. उशीमागे डबा होता. वीणाताईंनी उघडला. आत फक्त चोखून टाकलेल्या काळ्या बिया.

"सगळी?"

"मॅच होती हो दोन दिवस. पण पाणी बघा, बाटली अर्धी शिल्लक. विचारा हिला."

"त्यात पोटॅशियम असतं. भरपूर. मला आत्ता कळलं."

सूर्यकांतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. स्वयंपाकघरात पळीचा आवाज होत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगू नका. उद्या सकाळी मशीनवर जायचंच आहे. सगळं निघून जाईल."

"आणि उद्यापर्यंत?"

"उद्यापर्यंत काय होतंय? आजवर कधी काही झालंय का? तिला कळलं तर ती तुमचं तोंड बघणार नाही. मला खाली पाठवणार नाही. माझ्याकडे आता दुसरं काय आहे हो?"

वीणाताईंना क्षणभर ते पटलं. एका रात्रीचा तर प्रश्न होता. त्यांनी काही न सांगता 'ऊन लागलंय, चला आजच दाखवू' एवढंच म्हटलं, तर? त्यांनी ते करून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "शालिनी, मला वाटतं आजच नेऊ या."

"एवढ्या उन्हात? अगं, नेण्या-आणण्यातच ते गळून जातील. सेंटरवालेच म्हणताहेत उद्या या."

बोलणं बिनतोड होतं. वीणाताई वळल्या. सूर्यकांतरावांनी सुटका झाल्यासारखा श्वास सोडला आणि बाथरूमला जायला म्हणून उठू लागले. हातांवर जोर देऊन ते अर्धे उठले. पाऊल उचलायला गेले. चप्पल जमिनीवर होती तशीच राहिली. पाऊलही तिच्यातच राहिलं. ते परत खुर्चीत बसले आणि ओठ चोळू लागले.

"मुंग्या येताहेत," ते म्हणाले. या वेळी त्यांना विनोद सुचला नाही.

वीणाताई डबा घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "शालिनी, मी त्यांना गोरखचिंच देत होते. कोरडी, चोखायला, तहान लागू नये म्हणून. मार्चपासून. तिच्यात पोटॅशियम खूप असतं. मला आज कळलं. शनिवारी डबा भरून दिला होता, तो संपलाय."

"वीणा, गप्प बस!" बाहेरून सूर्यकांतराव ओरडले. आवाज ओरडण्याइतका निघाला नाही. एरवी 'वीणाबाई' म्हणणाऱ्या त्यांनी नुसतं 'वीणा' म्हटलं, हे तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

शालिनीबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी आवाज चढवला नाही. डबा हातात घेतला, आतल्या बियांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाडीत पेट्रोल आहे?"

"आहे."

"गार्डला प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर बोलाव. अजून एकाला सोबत आण म्हणावं."

दोन गार्डांनी सूर्यकांतरावांना खुर्चीसकट जिन्यानं उतरवलं. वळणावर खुर्ची कलली तेव्हा त्यांनी कठडा धरायला हात उचलला. हात कठड्यापर्यंत पोचला नाही. "अंकल, हिलना मत," गार्ड म्हणाला. ते हलूच शकत नव्हते.

वीणाताई गाडी बेतानं चालवतात, दर वळणावर हॉर्न देतात. त्या दिवशी त्यांनी सिग्नलवर लाल दिवा असताना गाडी घातली. मागच्या सीटवर शालिनीबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं आणि नाडी हाताला लागते का ते बघत होत्या. "हळू चालतेय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "मधेच थांबतेय." पुलाखाली ट्रकांची रांग होती. वीणाताईंनी काच खाली करून एका ई-रिक्षावाल्याला हात जोडले. त्यानं रिक्षा फुटपाथवर चढवली आणि जागा करून दिली.

इमर्जन्सीतली डॉक्टर तरुण होती. डायलिसिसचा पेशंट म्हटल्यावर तिनं आधी ईसीजीच्या तारा लावायला सांगितल्या आणि लावता लावता विचारलं, "कुछ खाया है? फल, जूस, नारियल पानी?"

"नहीं," सूर्यकांतराव म्हणाले. मार्चपासूनची सवय होती.

"झूठ बोल रहे हैं," वीणाताई म्हणाल्या. "इमली खाई है. मांडूवाली. डिब्बा भर के, दो दिन में."

"इमली?"

"वह वाली नहीं. बाओबाब. उसमें पोटॅशियम बहुत होता है. मैंने दी थी."

डॉक्टरनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग मशीनमधून सरकत बाहेर येणारा कागद हातात धरला आणि नर्सला भराभर दोन-तीन औषधांची नावं सांगितली. तिचा आवाज तसाच होता, वेग बदलला होता. कुणीतरी डायलिसिस युनिटला फोन लावला. एकानं सलाइनचा स्टँड ओढत आणला. नर्सनं दोघींना पडद्याबाहेर काढलं.

बाहेर पत्र्याच्या खुर्च्या होत्या. मधे एक खुर्ची सोडून दोघी बसल्या. आतून मॉनिटरचा आवाज येत होता. तो सारखा नव्हता. प्रत्येक वेळी अंतर लांबलं की शालिनीबाईंची बोटं पदरावर थांबत.

"तुम्ही दोघं हसत असाल माझ्यावर," त्या समोर बघत म्हणाल्या. "जल बोर्ड."

"हसलो," वीणाताई म्हणाल्या.

"मी पाणी मोजते, तो मला काय छंद आहे?"

"नाही."

"दोन महिने मी त्यांचं वजन बघून सगळ्यांना सांगत फिरले, बघा कसं कंट्रोल केलं. तू समोर बसून ऐकत होतीस."

स्ट्रेचर बाहेर आलं. सूर्यकांतरावांचे डोळे मिटलेले होते, छातीवर तारा तशाच होत्या. बाजूनं चालणाऱ्या वॉर्डबॉयच्या हातात मॉनिटर होता. ते लिफ्टकडे गेले. शालिनीबाई उठल्या, डॉक्टरनं त्यांना थांबवलं.

"इंजेक्शन से रिदम थोड़ा सुधरा है. अब डायलिसिस पर ले रहे हैं. जब तक पोटॅशियम नीचे नहीं आता, मैं कुछ नहीं कहूँगी." मग ती वीणाताईंकडे वळली. "आपने बता दिया, ठीक किया. कल तक रुकते तो शायद यहाँ तक आते ही नहीं. और किस-किस को देती हैं आप ये?"

प्रश्न साधा होता. डॉक्टर उत्तरासाठी थांबलीसुद्धा नाही. दुसरा पेशंट आला होता. वीणाताई मात्र उभ्याच राहिल्या.

त्यानंतर बराच वेळ काहीच कळलं नाही. वर युनिटच्या काचेच्या दाराबाहेर पुन्हा खुर्च्या, पुन्हा मधली एक रिकामी. दुपार टळून गेली तेव्हा टेक्निशियन बाहेर आला. पोटॅशियम उतरतंय, नाडी नीट आहे, अंकलनी डोळे उघडलेत आणि पाणी मागितलंय, असं त्यानं सांगितलं. रात्रभर ठेवणार होते.

शालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचले म्हणून मी विसरेन असं समजू नकोस."

"नाही समजत."

"आता घरी जा तू."

वीणाताई उठल्या, पण जिन्याकडे गेल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी पर्समधून फोन काढला. मंडळाच्या चैत्राच्या हळदीकुंकवाला त्यांनी पुड्या वाटल्या होत्या, येईल त्या बाईच्या ओटीत एक. कोण कोण आलं होतं ते आठवून त्यांनी पहिला नंबर लावला.

"वैजयंती? वीणा बोलतेय. मी दिलेली गोरखचिंच आहे का घरात?... हो, तीच. ऐक, घरात कुणाला किडनीचा त्रास आहे? सासूबाईंना? नक्की नाही ना? असेल तर अजिबात देऊ नकोस. इथे चौबळसाहेबांना इमर्जन्सीत आणलंय... हो, त्यानंच. नाही गं, भेसळ नव्हती. मीच दिली होती. न विचारता दिली होती."

दुसरा फोन. तिसरा. प्रत्येक वेळी समोरून आधी 'अय्या, कसं शक्य आहे' येत होतं आणि प्रत्येक वेळी वीणाताई तेच वाक्य पहिल्यापासून सांगत होत्या. एकीनं विचारलं, "मग इतकी वर्षं आम्ही घेतोय ते?" तिला त्या म्हणाल्या, "तुमची किडनी चांगली आहे म्हणून चाललं. त्यांची नाही, हे मला माहीत होतं." एकीनं मधेच फोन ठेवून दिला. त्यांनी पुन्हा लावला.

शालिनीबाई खुर्चीवरून हे सगळं ऐकत होत्या. पाचव्या की सहाव्या फोननंतर वीणाताई आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि पुढचं नाव आठवू लागल्या.

"तेजश्री," शालिनीबाई म्हणाल्या.

"कोण?"

"नोएडाची तेजश्री. हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसली होती. तिच्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलंय, डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलंय. ती मला सगळं विचारत होती, पाणी किती द्यायचं, काय काय बंद करायचं. तिला लाव आधी."

"माझ्याकडे तिचा नंबर नाही."

शालिनीबाईंनी स्वतःचा फोन काढला, नंबर शोधला, लावला आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवरून हात लांब करून तो वीणाताईंकडे दिला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. वीणाताईंनी पुन्हा लावला. दोघी स्क्रीनकडे बघत होत्या.

"उचल गं," शालिनीबाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा लावल्यावर पलीकडून आवाज आला. वीणाताईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.